बेटावर पोस्टिंग मिळालंय? मग आधी भरती-ओहोटी शिका

परवा एका नवीन सीएचओ (उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकारी) मुलीचा फोन आला, ऑर्डर हातात पडलीय, बेटावरचं उपकेंद्र आहे आणि ती अगदी रडकुंडीला आलेली. तिला तासभर फोनवर जे सांगितलं ते इथे लिहून काढते, म्हणजे तिच्यासारख्या अजून कोणाला लागलं तर मिळेल. मी रायगडच्या खाडीपट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, त्यातली अकरा वर्षं एका बेटावर. बेटाचं नाव लिहीत नाही कारण हजारभर वस्ती, कोणाचीही गोष्ट सांगितली की लगेच कळतं कोणाची ते. चित्र डोळ्यासमोर यायला हवं असेल तर घारापुरी आठवा. उरण तालुका, शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशा तीन वाड्या, गेटवेवरून लाँचने तासाभराची वाट, समोर मुंबईचे दिवे दिसतात पण समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज यायला फेब्रुवारी २०१८ उजाडलं, तोपर्यंत संध्याकाळचे काही तास जनरेटर. लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत, आणि गावात चोवीस तास वीज त्यानंतर तीसेक वर्षांनी. बेटावरचं आरोग्य हे असं असतं, जवळ दिसतं आणि हाताला लागत नाही.

तर पहिली गोष्ट, आरोग्याचं कुठलंही कॅलेंडर भिंतीवर लावायच्या आधी भरती-ओहोटीचं लावा. कोळी लोकांचा साधा हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सकाळी सहाच्या आसपास भरती आणि संध्याकाळी पण सहाच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण, म्हणजे पाणी चढतं पण खूप आणि उतरतं पण खूप. मुंबई बंदरात उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरवर जातं, आणि ओहोटीला तेच पाणी इतकं मागे जातं की होडी धक्क्याला लागतच नाही, मधे नुसता गाळ. अष्टमीच्या आसपास भांग असतो, फरक कमी, काम करायला सोपं. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. लसीकरणाचा दिवस वरून ठरून आला, मी गेले, आणि परतताना पेटी डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून चालत होडीपर्यंत आले. तेव्हापासून मी दर महिन्याला तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विचारूनच तारखा लिहिल्या आणि त्याच पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) कळवल्या. तिथले एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, आधी कुरकुरले, मग त्यांनाच पटलं कारण माझी एकही फेरी फुकट जात नव्हती.

आता मुख्य मुद्दा. एकत्रित सेवा, एकात्मिक सेवा असे शब्द मीटिंगमध्ये खूप ऐकाल. बेटावर त्याचा अर्थ एकच, जी होडी जाणारच आहे तिच्यात सगळ्यांनी बसायचं. लसीकरण वेगळ्या दिवशी, अंगणवाडीचं वजन वेगळ्या दिवशी, शाळा तपासणीची आरबीएसके टीम तिसऱ्याच दिवशी, पाण्याचे नमुने चौथ्या दिवशी, असं जमिनीवर चालतं. बेटावर त्यातली निम्मी माणसं पोचतच नाहीत, आणि गावातल्या बायकांची चार दिवसांची मजुरी किंवा मासळीचा बाजार बुडतो तो वेगळाच. म्हणून महिन्यातून दोन दिवस 'बेटाचे दिवस' म्हणून ठरवा, शक्यतो भांगाचे, आणि ग्राम आरोग्य पोषण दिन त्यातल्याच एका दिवशी घ्या. त्या दिवशी लस, गरोदर मातांची तपासणी, मुलांची वजन-उंची, तीस वर्षांवरच्यांचं बीपी-शुगर, टीबीच्या गोळ्या आणि थुंकीचे नमुने, पाण्याची तपासणी, सगळं एका छताखाली. आमच्याकडे शाळेचा व्हरांडा होता. एका टोकाला अंगणवाडीताईंचा वजनकाटा, मधे माझं टेबल, दुसऱ्या टोकाला आरोग्यसेवक ओटी टेस्टच्या (पाण्यातल्या क्लोरिनच्या तपासणीच्या) नळीत पाणी घेऊन बसलेला. बाई बाळाला घेऊन लसीला आली की तिच्याबरोबर सासू येते, सासूचं बीपी तिथल्या तिथे होतं, आणि सासू सांगते की घरात म्हातारा पंधरा दिवस खोकतोय. हा खोकला तुम्हाला कुठल्या पोर्टलवर सापडला नसता.

पोर्टलवरून आठवलं. माता-बालकांचं आरसीएच वेगळं, लसीकरणाचं यू-विन वेगळं, टीबीचं निक्षय वेगळं, एनसीडीचं (बीपी-शुगरसारख्या आजारांचं) ॲप वेगळं, अंगणवाडीचं पोषण ट्रॅकर वेगळं. ते सगळं भरायचंच, सुटका नाही, पण बेटासाठी स्वतःची एक वही ठेवा, घरागणिक एक पान. वर घरातल्या सगळ्यांची नावं, खाली कोण गरोदर आणि तारीख कधी, कोणाचं बाळ किती महिन्यांचं, कोणाला बीपी-शुगर आणि गोळ्या कधी संपणार, कोण टीबीवर, कोण अंथरुणाला खिळलेलं, कोण दारूपायी खंगत चाललंय, कोणाचा मुलगा मुंबईला आणि त्याचा फोन नंबर. ही वही आशाताई, अंगणवाडीताई आणि तुम्ही तिघींनी बसून भरायची. तिघींना तीन वेगवेगळ्या गोष्टी माहीत असतात, एका पानावर आल्या की घर दिसायला लागतं. वही कुलपात ठेवा, चारचौघांत उघडू नका, लहान गावात एचआयव्ही किंवा टीबीचं नाव फुटलं तर त्या घराशी लोक बोलायचे बंद होतात.

लसींबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच नवीन माणसं चुकतात. लस ठेवायचा आयएलआर (खास फ्रीज) पीएचसीत असतो, उपकेंद्रात नाही, म्हणजे लस सकाळी व्हॅक्सिन कॅरियरमधून तुमच्याबरोबर निघते आणि संध्याकाळी परत जाते. आइसपॅक फ्रीजरमधून काढले की लगेच कॅरियरमध्ये भरू नका, घाम फुटू द्या, कानाशी धरून हलवा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरा, नाहीतर पेंटा, हिपॅटायटिस, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) ह्या लसी गोठून वाया जातात आणि बाहेरून लगेच कळत पण नाही. होडीत कॅरियर कधी उन्हात नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) ठेवायचा नाही, इंजिनाजवळ तर नाहीच, तांडेलाच्या पायाशी सावलीत आणि दोरीने बांधून. तापमान दोन ते आठ अंश, व्हीव्हीएम (लसीला उष्णता लागली का ते दाखवणारी कुपीवरची खूण) प्रत्येक वेळी बघायचा. गोवर-रुबेला आणि बीसीजी एकदा पाणी घालून तयार केली की चार तास, चार तासांनी उरली तरी फेकायची, म्हणून त्या कुपीसाठी मुलं आधी गोळा करा मगच कुपी उघडा. एकदा परतीच्या वेळी वारा सुटला आणि तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला, बंदर बंद, मी रात्रभर बेटावर अडकले कॅरियरसकट. झाकण उघडलं नाही, सगळ्यात गार खोलीत ठेवला, पीएचसीला फोन करून कळवलं, सकाळी पोचल्यावर फार्मासिस्टबरोबर एकेक कुपीचा व्हीव्हीएम बघितला आणि ज्यांची शंका आली त्या बाजूला काढल्या. लपवू नका, कुप्या गेल्या तर जाऊ देत, खराब लस बाळाला गेली तर ते पाप आपल्या माथी.

आता बाळंतपण. बेटावर काम करणाऱ्या प्रत्येकीच्या पोटात ह्याचा गोळा असतो. नियम असा ठेवा की तारखेच्या दहा-बारा दिवस आधी बाई जमिनीवर गेलेली असली पाहिजे. आमच्या आगरी-कोळी घरांत पहिलटकरीण माहेरी जाते, ते माहेर जमिनीवर असेल तर प्रश्न मिटला, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळची बाई घर सोडायला तयार नसते, मुलं कोण बघणार, चूल कोण पेटवणार. तिच्याशी वाद घालू नका, तिच्या सासूशी आणि नवऱ्याशी बसून मुलं कोणाकडे ठेवायची ते नावानिशी ठरवा, मग ती निघते. आदिवासी भागांत पीएचसीला लागून माहेरघर असतं, तिथे बाई आधीपासून येऊन राहते. तुमच्याकडे नसेल तर दवाखान्याजवळचा नातेवाईक शोधा, उरणला, पनवेलला, करंजाला कोणी ना कोणी निघतंच. दर महिन्याच्या ९ तारखेची गरोदर मातांची तपासणी चुकवू देऊ नका, रक्त कमी, बीपी जास्त, आधीचं सिझेरियन, जुळं, अशा बायकांची नावं वहीत लाल पेनाने. पावसाळ्यात ज्यांची तारीख येते त्यांची यादी तर मे महिन्यातच करून ठेवायची.

आणि तरीही एखादी रात्र येतेच. माझ्या लक्षात राहिलेली श्रावणातली, सातवा महिना संपत आलेला, बाईचं डोकं फुटायला लागलं, डोळ्यापुढे अंधारी, बीपी १७० वर. एमओंना फोन लावला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिला आणि मगच तिला हलवलं. तो दिवस षष्ठीचा की सप्तमीचा, रात्री अकराला पाणी ओसरलेलं. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधून चौघांनी उचललं, पुढे एक मुलगा बॅटरी घेऊन, मागे तिची आई नवस बोलत. धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे आमच्या आशाताईंनी घरून आणलेली राख टाकली, म्हणून कोणी घसरलं नाही. पलीकडे १०८ येऊन थांबलेली, कारण होडी सुटायच्या आधी फोन गेला होता. बाई आणि बाळ दोघं वाचले. ह्यातलं काहीही त्या रात्री सुचलेलं नव्हतं, खुर्चीला बांबू बांधायची रंगीत तालीम आम्ही वैशाखात केली होती, आणि राखेची गोष्ट त्याच तालमीत एक म्हातारी सांगून गेली होती. म्हणून सांगते, वर्षातून दोनदा तरी तालीम करा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री ओहोटीला. कोण उचलणार, कोणाची होडी, डिझेल कुठे, लाइफजॅकेट किती, पलीकडच्या धक्क्यावर गाडी कुठपर्यंत येते, सगळं करून बघा. लाइफजॅकेट पेशंटलाही घालायचं आणि उचलणाऱ्यांनाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जीव गेले, त्यानंतर तरी कोणी जॅकेट 'गरम होतं' म्हणून काढून ठेवू नये.

होडीच्या पैशांचं आधी ठरवा, संकटात भाव ठरत नसतो. दिवसाची फेरी किती, रात्रीची किती, पावसाळ्यात किती, दोन तांडेलांशी लेखी, ग्रामपंचायतीच्या ठरावासकट. ग्राम आरोग्य समितीचे वर्षाचे दहा हजार येतात, त्यातून आपत्कालीन फेऱ्यांसाठी काही बाजूला ठेवायचा ठराव करता येतो. गरोदर माता आणि आजारी बाळासाठी जेएसएसके ह्या सरकारी योजनेत जाण्यायेण्याची सोय मोफत असते, पण सगळे कागद गाडी धरून बनवलेले, होडीचं बिल कसं लावायचं हे तालुक्याच्या अकाउंटंटकडून आधीच लिहून घ्या. आमच्या एका तांडेलाचं बिल आठ महिने अडकलं होतं. तो माणूस तरीही रात्री उठून आला दर वेळी, पण ते बरोबर नाही, त्याचंही घर आहे.

पावसाळा. १ जूनला मासेमारी बंद होते आणि होड्या वर ओढल्या जातात, म्हणजे होडी मिळायची मारामार. पण त्याच दिवसांत पुरुष माणसं घरी असतात, एरवी पहाटे समुद्रावर गेलेला माणूस तुम्हाला वर्षभर दिसत नाही. त्यामुळे बीपी-शुगर, तोंडाच्या कॅन्सरची तपासणी (तंबाखू-मशेरी आमच्याकडे भरपूर), टीबीचं विचारणं, हे सगळं जून-जुलैत घरोघरी उरकून घ्या. औषधांची मागणी एप्रिलमध्येच टाका, मे अखेरीस तीन महिन्यांचा साठा बेटावर पोचलेला हवा, ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या, लोह-कॅल्शियम, ड्रेसिंगचं सामान, ग्लोव्हज, आणि एमओ देतील ती अँटिबायोटिक्स. बीपी-शुगरवाल्यांना पावसाळ्याआधी जास्त दिवसांच्या गोळ्या हातात द्या. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर खाऱ्या दमट हवेत फार लवकर मरते, गोणीत ठेवलीत तर ऑगस्टमध्ये नुसता चुना उरतो, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम, आणि टाकल्यावर ओटी टेस्ट करायचीच, शेवटच्या घरच्या हंड्यात पिवळा रंग आला तर काम झालं. बेटावर जुलाबाची साथ आली तर वाचवायला बाहेरून कोणी पटकन येत नाही म्हणून पाण्याकडे औषधांपेक्षा जास्त लक्ष द्या. विहीर-टाकी साफ करायला पंचायतीच्या मागे लागावं लागतं, लागा.

दंश आणि जखमा. साप चावला की आवळपट्टी नाही, कापाकापी नाही, मांत्रिक नाही, चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, आणि लगेच होडी, त्याच वेळी पलीकडे फोन की अँटिव्हेनम तयार ठेवा. आपल्याकडे फुरसं लहान दिसतं म्हणून लोक हसण्यावारी नेतात, रात्री हिरड्यांतून रक्त यायला लागतं तेव्हा धावपळ. विंचवाबद्दल तर आपल्या रायगडला अभिमान वाटावा, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगाला दाखवला, पण ती गोळी जवळ आहे का आणि कोणाला कशी द्यायची हे तुमच्या एमओंकडून लेखी घेऊन भिंतीवर लावा. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास हात-पाय बुडवून ठेवायचा, वेदना खूप कमी होतात, मग जखम साफ करून टीडी. माकड-कुत्रा चावला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, हे कितीही सांगितलं तरी लोक हळदच लावतात, सांगत राहा. रेबीजची इंजेक्शनं ०, ३, ७, २८ अशा दिवशी, प्रत्येक तारखेची होडी पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून द्या, तिसऱ्या इंजेक्शनला बहुतेक लोक गळतात कारण तोपर्यंत जखम भरलेली असते.

पलीकडच्या दवाखान्यांशी संबंध हा वेगळाच विषय. एकदा आमची सात महिन्यांची गरोदर बाई सकाळी सहाला निघून सोनोग्राफीला गेली, दुपारी तीनपर्यंत बसवली आणि 'मशीनवाले डॉक्टर गेले, उद्या या' म्हणून परत पाठवली. उद्या म्हणजे पुन्हा लाँचचं भाडं, पुन्हा नवऱ्याचा खाडा, ती गेलीच नाही. मला त्याचा अजून राग आहे. त्यानंतर मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायला लागले, 'बेटावरील रुग्ण, शेवटची लाँच साडेपाचला', आणि आदल्या दिवशी तिथल्या सिस्टरांना फोन. नुसत्या ह्या एका ओळीने खूप फरक पडला, माणसं वाईट नसतात, त्यांना समुद्र दिसत नसतो एवढंच. मोतीबिंदूवाले सात-आठ जण जमवून एका होडीतून एकदम न्या, बरोबर गावातला एक तरुण मुलगा द्या, म्हातारी माणसं एकटी ऑपरेशनला जात नाहीत. आणि दर वेळी जायलाच पाहिजे असं पण नाही, ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन सल्ल्याची सेवा) डॉक्टर दिसतात, नेटवर्क कुठे लागतं ती जागा हेरून ठेवा, आमच्याकडे देवळामागच्या चौथऱ्यावर लागायचं, तिथेच खुर्ची आणि आडोशाला पडदा केला. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, मी तो प्रत्येक घरच्या पानावर लिहून द्यायचे, विशेषतः जिथे समुद्रावर माणूस गेलाय त्या घरी.

दुसरीकडे कसं करतात तेही बघा, त्यातून हुरूप येतो. आसामात ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर बोट क्लिनिक चालतात, डॉक्टर-नर्स-लॅब सगळं बोटीवर, आणि ठरलेल्या चाकोरीने गावोगाव फिरतात. आपल्याच नंदुरबारमध्ये नर्मदेच्या काठच्या धडगाव-अक्कलकुवाच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. लक्षद्वीपमध्ये दहा बेटांवर वस्ती, तिथून अत्यवस्थ पेशंट हेलिकॉप्टरने हलवतात. आपल्याला हेलिकॉप्टर नाही मिळणार, पण ठरलेल्या दिवशी न चुकता पोचणं आपल्या हातात आहे. एकदा चुकलात तर पुढच्या वेळी निम्मी माणसं येतात, दोनदा चुकलात तर व्हरांड्यात तुम्ही आणि अंगणवाडीताईच. बावटा लागला आणि जाता येत नसेल तर आशाताईंना सकाळीच फोन, की त्या घरोघर सांगतील.

आशाताईंना जपा. तुम्ही येता-जाता, त्या तिथेच असतात, रात्री दोनला दार त्यांचंच वाजतं. त्यांचा मोबदला वेळेवर निघतोय का हे तुम्ही बघायचं, त्यांच्या घरी ओआरएस, बीपी मशीन, डिलिव्हरी किट आणि चार्ज केलेली बॅटरी आहे का हे दर फेरीला बघायचं. आणि गावातल्या जुन्या सुईणीला दुखवू नका. आमच्याकडची आजी सत्तरीची होती, तिला मी पहिल्या दिवशी जाऊन पाया पडले, नंतर कुठल्या घरी दिवस राहिलेत हे ती मला आशाताईंच्याही आधी सांगायची.

बदलीची ऑर्डर एक दिवस येतेच. तेव्हा नवीन बाईंना नुसत्या किल्ल्या देऊन निघू नका. दोन फेऱ्या तिच्याबरोबर करा, एक भांगाची आणि एक उधाणाची, तांडेलाशी ओळख करून द्या, वहीतलं एकेक पान तिच्याबरोबर बसून वाचा. मला दोन दिवस लागले होते वाचायला. शेवटच्या पानावर मी तांडेलांचे, पलीकडच्या सिस्टरांचे आणि मुंबईला गेलेल्या मुलांचे नंबर लिहिले होते, आणि राखेचा डबा धक्क्यावर कुठे ठेवलाय ते.